648 तास

बीबी का मकबऱ्यात वरच्या सज्जातून खाली पाहिलं की आठकोनी संगमरवरी जाळीच्या आत एक कबर दिसते. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू, मरणानंतरचा किताब रबिया-उद-दौरानी. माहिती सांगणारा ताजमहालाशी तुलना करतो, खर्च सुमारे पावणेसात लाख रुपये झाल्याचं सांगतो, दारावर कोरलेली अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावं दाखवतो. संगमरवर कंबरेइतक्या उंचीपर्यंतच का लावला आणि वर गिलावा का केला, यावर थोडी चर्चा होते आणि सगळे कारंज्यांकडे निघतात. ती गेली कशाने, हे क्वचितच कुणी विचारतं.

ती बाळंतपणात गेली. 11 सप्टेंबर 1657 रोजी याच शहरात तिला पाचवं मूल झालं, शहजादा मुहम्मद अकबर. 8 ऑक्टोबर 1657 रोजी ती वारली. मधे 27 दिवस, म्हणजे सुमारे 648 तास. मृत्यूचं कारण बाळंतपणातून उद्भवलेलं दुखणं, बहुधा सूतिकाज्वर, असं इतिहासकार मानतात. दरबाराच्या नोंदींत दोन टोकांच्या तारखा आल्या, मधले तास आले नाहीत. पण हा रोग जुना आहे आणि जगभरातल्या डॉक्टरांनी त्याचं पाऊल न् पाऊल लिहून ठेवलं आहे. म्हणून पुढचा घटनाक्रम असा वाचावा: दोन्ही टोकं दिलरस बानूची, मधली वाट रोगाची. त्या वाटेने लाखो बाळंतिणी गेल्या आहेत आणि त्यांच्यापैकी बहुतेकींच्या नावाने साधा दगडही उभा नाही.

त्याआधीचे दिवस

शहराला औरंगाबाद हे नाव मिळून चारच वर्षं झाली होती. त्याआधीची खडकी मलिक अंबरने वसवलेली, आणि त्यानेच खोदवलेल्या नहर-ए-अंबरीतून डोंगराकडचं पाणी खापरी नळांनी शहरात येत होतं. औरंगजेब दख्खनचा सुभेदार होता आणि 1657 चं ते वर्ष त्याने आदिलशाहीवरच्या मोहिमेत घालवलं होतं. उन्हाळ्यात बीदर घेतलं, भर पावसाळ्यात कल्याणी. तिकडे दिल्लीत 6 सप्टेंबरला शाहजहान आजारी पडला आणि चारही शहजाद्यांच्या डोळ्यांपुढे तख्त आलं.

दिलरस बानू तेव्हा 35 च्या आसपास होती. सफवी घराण्यातल्या शाहनवाज खानाची ही मुलगी, 1637 साली लग्न झालेली. झेबुन्निसा, झीनतुन्निसा, झुब्दतुन्निसा या तीन मुली आणि आझम हा मुलगा अशी चार बाळंतपणं पार पाडलेली बाई. पाचव्याची भीती वाटावी असं वरवर काही नव्हतं. घरात दाया होत्या, हकीम होते, पाण्याची ददात नव्हती. वजू होता, गुसल होतं, शुद्धतेची जाण दिवसातून पाच वेळा जागी ठेवणारा धर्म होता. फक्त एका आजाऱ्याला लावलेला हात तसाच दुसऱ्या बाळंतिणीला लावला तर त्यातून मरण जाऊ शकतं, ही कल्पना त्या काळी दिल्लीतही नव्हती आणि लंडन-पॅरिसातही नव्हती. सुश्रुतसंहितेने मात्र प्रसूतीच्या खोलीत असणाऱ्या चार अनुभवी बायकांची नखं कापलेली असावीत असं सांगून ठेवलं होतं. कुणीतरी फार पूर्वी या हातांकडे नीट पाहिलं होतं.

648 तास बाकी

मूल जन्मतं. नाळ कापली जाते. काही वेळाने वार पडते.

वार जिथे चिकटलेली असते तिथे गर्भाशयाच्या आत तळहाताएवढी उघडी जखम राहते. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटल्यावर गर्भाशय आवळतं आणि त्या रक्तवाहिन्यांची तोंडं दाबून बंद करतं. रक्तस्राव थांबतो, पण जखम तशीच असते: ओली, उबदार, रक्ताच्या गुठळ्या आणि मेलेल्या पेशींनी भरलेली. एरवी योनीमार्गात आम्लता असते आणि बाहेरून येणाऱ्या बऱ्याच जंतूंना ती अडवते. बाळंतपणानंतरच्या स्रावाने ती आम्लता जाते. बाईच्या उभ्या आयुष्यात शरीराची आतली बाजू बाहेरच्या जगाला इतकी उघडी दुसऱ्या कुठल्याही वेळी नसते.

या घडीला तिथे एक हात पोहोचतो. वार पूर्ण पडली की नाही हे पाहायला, गुठळ्या काढायला, कापड ठेवायला. हात मायेचाच असतो. पण त्याच हाताने सकाळी कुणाच्या पिकलेल्या जखमेला पट्टी बांधलेली असू शकते, किंवा घसा सुजलेल्या लेकराचं नाक पुसलेलं असू शकतं. घशात आणि कातडीवर राहणारा स्ट्रेप्टोकोकस पायोजेनस हा जंतू असाच प्रवास करतो. मण्यांच्या माळेसारखा दिसणारा हा जंतू कित्येक धडधाकट माणसांच्या घशात काहीही त्रास न देता राहतो. त्याला हवी असते ती नवी जागा.

लंडनमध्ये 1797 साली लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्ट बाळंत झाली. वार अडकली म्हणून डॉक्टरने हात घालून वारेचे तुकडे काढले. अकराव्या दिवशी ती गेली. मागे राहिलेल्या मुलीने मोठेपणी ‘फ्रँकेनस्टाइन’ लिहिली.

642 तास बाकी

सहा तास झाले. बाळंतीण दमून झोपली आहे, घरात आनंद आहे. गर्भाशयात मोजणी सुरू झाली आहे.

परिस्थिती मानवली तर हा जंतू अर्ध्या तासाच्या आतबाहेर दुप्पट होतो. अर्धा तास धरला तर एका जंतूचे सहा तासांत चार हजारांवर होतात आणि बारा तासांत दीड कोटीवर. चमचाभर विरजणाने रात्रीत पातेलंभर दूध बदलावं, तसं हे काम गुपचूप होतं. बाईला काहीच कळत नाही. तिचं अंग दुखतंय ते बाळंतपणाने, पोटात कळा येतात त्या गर्भाशय आवळत असल्याने. जखमेजवळच्या पेशींनी मात्र परका ओळखला आहे. त्यांनी सोडलेल्या रसायनांच्या मागावर पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून जमू लागल्या आहेत.

इथे बहुतेक वेळा शरीर जिंकतं, हेही सांगितलं पाहिजे. जगातल्या बहुतेक बाळंतिणी जंतू शिरूनही सुखरूप राहिल्या, त्या याच पेशींमुळे. पण या जंतूच्या अंगावर एम नावाच्या प्रथिनाचं कवच असतं आणि त्यामुळे पांढऱ्या पेशींना तो सहज गिळता येत नाही. शिवाय तो अशी द्रव्यं सोडतो की पेशींना सांधणारा थर विरघळतो, गोठलेलं रक्त पातळ होतं आणि त्याला अडवण्यासाठी उभा राहिलेला बांध फुटतो. तो जिथे शिरतो तिथे थांबत नाही, याचं कारण हे.

620 ते 600 तास बाकी

दुसरा दिवस. पहिली हुडहुडी. दात वाजतात, वर गोधड्या टाकल्या तरी थंडी जात नाही, आणि अर्ध्या तासाने अंग भाजू लागतं. मेंदूने शरीराचं तापमान मुद्दाम वर चढवलं आहे, कारण उष्णतेत पांढऱ्या पेशी जोमाने काम करतात. नाडी शंभराच्या पुढे जाते. ओटीपोटाला हात लावू देत नाही.

मराठी घरात अशा वेळी काय म्हणतील हे आपल्याला ठाऊक आहे. दूध उतरतंय, म्हणून कणकण आहे. वारं लागलं. काहीतरी गार खाल्लं. शेगडी वाढवा. खोलीची दारं-खिडक्या बंद होतात. तिसऱ्या दिवसाच्या आसपास दूध भरून येताना थोडी कसर वाटतेही, आणि म्हणूनच हा घोळ जीवघेणा ठरतो.

आणखी एक फसवी गोष्ट. गर्भाशय पिकलं असेल तर स्रावाला दुर्गंधी येणार असं सगळ्यांना वाटतं. बरेच जंतू तशी दुर्गंधी आणतातही. पण स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गात स्राव कमी आणि बिनवासाचा असू शकतो. अनुभवी सुईण वास घेते, मान हलवते, सगळं ठीक आहे म्हणते. आत जंतू गर्भाशयाची भिंत ओलांडत असतो.

576 तास बाकी

तिसरा दिवस उलटला. आता दोन वाटा फुटतात.

पहिली वाट जवळची. गर्भाशयातून संसर्ग पोटाच्या पडद्यावर पसरतो. पोट नगाऱ्यासारखं फुगतं, हिरवट उलट्या होतात, नाडी 140 वर जाते, आणि आठवडा-दीड आठवड्यात खेळ आटोपतो. इंग्लंडची राणी जेन सेमूर 1537 साली मुलाला जन्म देऊन 12 दिवसांत गेली.

दुसरी वाट लांबची. जंतू गर्भाशयाच्या शिरांमध्ये शिरतात. तिथे रक्त गोठतं, गुठळीत जंतू घर करतात, आणि ओटीपोटातल्या मोठ्या शिरेपर्यंत ती गुठळी वाढत जाते. अधूनमधून तिचा कण सुटतो आणि रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन पडतो. तिथे नवं गळू. पुन्हा हुडहुडी, पुन्हा घाम, मग दोन दिवस बरं. ही वाट तीन-चार आठवडे चालते. दिलरस बानूचे 27 दिवस पाहिले तर माझ्या मते ती याच लांबच्या वाटेने गेली असावी.

528 तास बाकी

पाचवा दिवस संपत आला. महाराष्ट्रात या रात्री पाचवी पुजतात. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणून बायका जागतात, दिवा विझू देत नाहीत. ज्या बायकांनी ही रात्र निवडली त्यांनी बाळंतघरात बरंच काही पाहिलेलं असणार. बाळाचा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्यातच दिसतो, आणि बाळंतिणीचा ताप साधा की घातक हेही याच सुमाराला कळतं. त्यांच्या हातात औषध नव्हतं. त्यांनी जागरण ठेवलं.

हरमच्या पडद्याआड हकीम येतो. त्याच सुमारास हिंदुस्थानात आलेला इटालियन प्रवासी मनुची याने अशा तपासणीचं वर्णन केलं आहे. वैद्याने पडद्यातून हात आत घालायचा, नाडी पाहायची, चेहरा पाहायचा नाही. युनानी वैद्यकात तापाचा अर्थ होता शरीरातल्या रसांचा तोल जाणं. त्यावर शीतल काढे, रेचक, कधी शीर कापून रक्त काढणं. युरोपातला डॉक्टरही त्या दिवशी हेच करत होता. रोग आतून उपजतो अशी दोघांचीही खात्री होती. बाहेरून कुणीतरी तो आणून दिला असेल हे मनात यायला अजून जवळपास दीडशे वर्षं होती.

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनच्या अलेक्झांडर गॉर्डनने ते 1795 साली छापलं. कोणत्या बाळंतिणीला कोणत्या सुईणीने सोडवलं याचा तक्ता त्याने मांडला आणि ताप सुईणींच्या मागोमाग जातो हे दाखवलं. त्या यादीत त्याने स्वतःचंही नाव घातलं. गावाने त्याला तिथे टिकू दिलं नाही. मग 1847 साली व्हिएन्नात इग्नाझ झेमेलवाइस. तिथल्या प्रसूतिगृहाच्या एका विभागात सुईणी शिकत, दुसऱ्यात डॉक्टर. डॉक्टरांच्या विभागात 1846 साली शंभरातल्या अकरा बाळंतिणी मेल्या, सुईणींच्या विभागात तिघींहून कमी. डॉक्टर सकाळी शवविच्छेदन करून तसेच येत होते. झेमेलवाइसने दाराशी क्लोरीनचं पाणी ठेवलं आणि हात धुतल्याशिवाय आत जायचं नाही असा नियम केला. एप्रिलमध्ये शंभरात 18 मृत्यू होते, जूनमध्ये दोन. तरीही मोठमोठे प्राध्यापक चिडले, कारण सभ्य माणसाचा हात घाण असू शकतो हे त्यांना मान्य नव्हतं. झेमेलवाइस 1865 मध्ये वेड्यांच्या इस्पितळात मेला, चिघळलेल्या जखमेच्या संसर्गानेच. शेवटी 1879 साली पॅरिसच्या वैद्यक अकादमीत पाश्चरने फळ्यावर खडूने त्या माळेचं चित्र काढलं आणि सूतिकाज्वराचा गुन्हेगार दाखवला.

हे सगळं इथे लिहायचं कारण एवढंच की बाळंतपणाच्या त्या पहिल्या तासाला हात धुण्यासाठी लागणारी वस्तू फारशी दुर्मीळ नव्हती. पाणी नहरीत होतं. चुना, राख, साबण, सगळं बाजारात होतं.

408 तास बाकी

दहावा दिवस. ताप उतरलेला असतो. बाळंतीण उठून बसते, दोन घास खाते, मुलाला मागते. घरातल्यांना वाटतं, टळलं. लांबच्या वाटेची हीच रीत आहे.

दहावा दिवस आणखी एका बाळंतिणीचाही आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियात 1886 साली पदवीसाठी प्रबंध लिहिला तो प्राचीन भारतीयांच्या प्रसूतिशास्त्रावर. तेव्हा वैद्यक झपाट्याने बदलत होतं. पाश्चरच्या त्या फळ्याला सातच वर्षं झाली होती. चौदाव्या वर्षी आनंदीबाई स्वतः बाळंत झाल्या होत्या आणि ते मूल दहा दिवसांनी गेलं होतं. विषय त्यांनी पुस्तकातून निवडला नव्हता.

400 ते 48 तास बाकी

मधले पंधरा दिवस झरझर जातात. दिवसाआड हुडहुडी. एक पाय सुजून पांढरा पडतो. छातीत टोचतं, खोकल्यात रक्त येतं. दूध आटतं आणि बाळ दाईच्या अंगावर जातं. चेहरा पिवळट, ओठ कोरडे, गालफडं बसलेली. शरीर स्वतःचे स्नायू जाळून लढाईला इंधन पुरवतंय. बीदर-कल्याणीच्या छावणीत याच दिवसांत दिल्लीच्या आजारी बादशहाच्या खऱ्या-खोट्या बातम्या येत होत्या आणि औरंगजेब आपल्या भावांची पावलं मोजत होता.

24 तास बाकी

आता रक्तातच जंतू आहेत. शेवटचा टप्पा जंतूंपेक्षा शरीराच्या स्वतःच्या प्रतिसादाचा असतो, आणि संसर्गाबद्दल सर्वात कमी समजलेली गोष्ट हीच आहे. जखम एका जागी असताना जी यंत्रणा उपयोगी होती ती आता सगळ्या अंगात एकदम पेटते. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांच्या भिंतीतून पाणी झिरपू लागतं. रक्त आहे तेवढंच, पण भांडं मोठं झालं आणि गळकंही झालं, म्हणून दाब पडतो. हृदय मिनिटाला 140 ठोके मारून ती तूट भरू पाहतं. बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, आणि त्यात गोठवणारी द्रव्यं संपल्याने दुसरीकडे हिरड्यांतून रक्त येतं. लघवी थांबते. श्वास मिनिटाला तीसवर जातो. बोलणं भरकटतं, ओळखीची माणसं अनोळखी होतात.

6 तास बाकी

सूतिकाज्वराच्या जुन्या वर्णनांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. शेवटी दुखणं थांबतं. पोट दाबलं तरी बाई कळवळत नाही. बरं वाटतंय म्हणते. जवळच्यांना आशा वाटते, आणि जाणत्या सुईणी इथे उठून बाहेर जात.

आजच्या दवाखान्यात याच तासांचा हिशेब वेगळा लागतो. रक्तदाब घसरल्यावर योग्य प्रतिजैविक मिळायला लागणारा प्रत्येक तास जगण्याची शक्यता सरासरी 7.6 टक्क्यांनी कमी करतो, हे 2006 साली आनंद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो रुग्णांच्या नोंदींवरून दाखवलं. पहिल्याच तासात औषध मिळालेले शंभरातले ऐंशीच्या आसपास वाचले होते. म्हणून सेप्सिसचा, म्हणजे संसर्गाने सगळ्या अंगात पेटलेल्या या प्रतिसादाचा, दाट संशय आला की तासाभरात रक्त तपासणीला घ्यायचं, शिरेतून प्रतिजैविक आणि सलाइन सुरू करायचं, असा जगभर दंडक आहे.

या औषधाचं पहिलं मोठं दर्शन घडलं तेही याच रोगात. अमेरिकेत न्यू हेवन इथे मार्च 1942 मध्ये अ‍ॅन मिलर ही गर्भपातानंतर स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गाने महिनाभर तापत होती, म्हणजे जवळपास दिलरस बानूइतकेच दिवस. ताप 107 फॅरनहाइटपर्यंत गेला होता, सगळे उपाय थकले होते. पेनिसिलिनची चिमूटभर पूड मिळाली. इंजेक्शन दिलं, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ताप उतरला. ती नव्वद वर्षं जगली.

0

8 ऑक्टोबर 1657.

त्यानंतर

एका बाळंतिणीच्या मरणाची उलथापालथ घरापुरती राहत नाही. औरंगजेब 1658 च्या सुरुवातीला औरंगाबादहून उत्तरेकडे निघाला. सासरा शाहनवाज खान त्याच्या बाजूने उभा राहिला नाही. पुढे औरंगजेबाचा थोरला भाऊ दारा याच्या बाजूने जावयाविरुद्ध लढताना अजमेरजवळ देवराईला 1659 मध्ये तो पडला. दिलरस बानू असती तर काय झालं असतं याचा अंदाज करण्यात अर्थ नाही. पण बाप आणि नवरा यांच्यामधला दुवा आधीच निखळला होता एवढं खरं.

सत्तावीस दिवसांचं आईविना झालेलं पोर थोरली बहीण झेबुन्निसा हिने सांभाळलं. बापाचाही त्याच्यावर जीव होता. याच अकबराने 1681 मध्ये बापाविरुद्ध बंड केलं, दुर्गादास राठोडसोबत दख्खनेत उतरला आणि पालीजवळ छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. पाठोपाठ औरंगजेब स्वतः दख्खनेत आला आणि 1682 च्या वसंतात औरंगाबादला पोहोचला. महाराजांची 1689 मध्ये हत्या झाली. त्यानंतर अठरा वर्षं मराठ्यांनी औरंगजेबाला इथेच अडकवून ठेवलं आणि 1707 मध्ये अहमदनगरला मरून खुलताबादला तो पुरला गेला, बायकोच्या कबरीपासून तासाभराच्या वाटेवर. ज्या शहरात अकबर जन्मला त्याला आज त्याच्या आश्रयदात्याचं नाव आहे.

मकबऱ्यापासून जवळच घाटी आहे, 1956 साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. मराठवाड्यातल्या अवघड बाळंतिणी शेवटी इथे आणल्या जातात: सोयगावहून, कन्नडहून, पार बीड-जालन्याकडून. महाराष्ट्रात 2018 ते 2020 या काळात लाख जिवंत जन्मांमागे 33 माता दगावल्या. देशाचा आकडा तेव्हा 97 होता. जगात काही मातामृत्यू अजूनही संसर्गाने होतात. यावरचं अलीकडचं एक मोठं काम मराठी मुलखातही झालं. सात देशांत 29 हजारांहून जास्त बाळंतिणींवर झालेल्या अभ्यासात नागपूर आणि बेळगाव ही दोन केंद्रं होती. कळा सुरू असताना अ‍ॅझिथ्रोमायसिनचा दोन ग्रॅमचा एकच डोस तोंडाने दिला. सेप्सिस किंवा मृत्यूचं प्रमाण शंभरात 2.4 होतं ते 1.6 वर आलं. हा निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी स्वस्त आहे, पण ती सरसकट दिल्याने जंतू औषधाला निर्ढावतील का, ही काळजीही खरी आहे. आणि ऊसतोडीच्या हंगामात फडावरच्या कोपीत बाळंत होणाऱ्या, चार-आठ दिवसांत पुन्हा मोळी उचलणाऱ्या बीड-जालन्याच्या बाईपर्यंत गोळी, साबण आणि थर्मामीटर यांपैकी काय पोहोचतं हा प्रश्न गोळीपेक्षा मोठा आहे.

तिच्यासाठी सरकारी योजनेत एक वेळापत्रक आहे. दवाखान्यात बाळंत होऊन घरी आलेल्या बाईकडे आशा ताईने सहा वेळा जायचं: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. मूल घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. पिशवीत थर्मामीटर असतो, तो आईलाही लावायचा. स्रावाला वास येतो का, बाई असंबद्ध बोलते का, झटके आले का, हे विचारून तक्त्यात लिहायचं, आणि शंका आली तर 102 ची मोफत गाडी बोलवायची. दिलरस बानूच्या दिवसांवर दवाखान्यातल्या बाळंतिणीचं हे वेळापत्रक ठेवलं तर अठ्ठाविसाव्या दिवसाच्या भेटीला उशीर झालेला असतो. त्याआधीच्या चार भेटी मिळतात, आणि पहिली त्याच दिवशी येते ज्या दिवशी घरातले म्हणत असतात की दूध उतरतंय, म्हणून कणकण आहे.